थांबण्याचा हिशेब



उन्हे कलली, वारा सुटला की माणसे व्याख्यानाला येतात ती चार चांगले शब्द कानांवर पडावेत म्हणून. मी आज जो विषय घेऊन आलो आहे तो त्या मानाने रुक्ष आहे, आणि थोडा भीतिदायकही आहे. कर्करोगाचा संशय आलेल्या माणसाला डॉक्टरने तातडीची चिठ्ठी देऊन इस्पितळाकडे पाठवले, तर प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंत त्याचे किती दिवस जातात आणि ते दिवस मोजायचे कसे, हा तो विषय. आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते इंग्लंडचे. मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा असावी. विषय कळल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलेही, "अहो, तुम्ही युनियनची माणसे. डॉक्टरांच्या प्रांतात कशाला शिरता?"

मी डॉक्टर नव्हे हे उघड आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते सूतगिरणीच्या तिसऱ्या पाळीत, नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. रोगाविषयी मी आज फारसे बोलणारच नाही. बोलणार आहे ते वेळेच्या मोजणीविषयी. आणि वेळेच्या मोजणीत कामगार चळवळीइतके मुरलेले दुसरे कोणी असेल असे मला वाटत नाही. आमची निम्मी भांडणे मुळात घड्याळाची असतात. पाळी फाटकातून आत शिरल्यावर सुरू होते की साच्यावर उभे राहिल्यावर? भोंग्यानंतर तीन मिनिटांनी आलेल्या माणसाची तीन मिनिटे कापायची की अर्धा दिवस? १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. आणि तशीच एक साधी मागणी होती की मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. 'लवकर द्या' एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी तारीख घातली. 'लवकर' हा शब्द मालकाच्या सोयीचा असतो. १५ तारीख ही कॅलेंडरात सर्वांना सारखीच दिसते.

परंतु तारीख घातली म्हणजे काम संपले असेही नाही. १९०८ साली ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणकामगारांना कायद्याने आठ तासांचा दिवस मिळाला. ही मोठीच जीत होती. पण आठ तास मोजायचे कोठून? कायद्याने ठरवले की पाळीचा शेवटचा माणूस जमिनीवरून खाली जायला निघाला की घड्याळ सुरू, आणि पाळीचा पहिला माणूस वर आला की घड्याळ बंद. शेकडो माणसे एका पाळण्यातून खाली सोडायची आणि वर काढायची, त्याला जो वेळ लागे तो या हिशेबाबाहेर राहिला. त्यामुळे कागदावर आठ तास असले तरी अंधारातला दिवस त्याहून बराच मोठा होता. कायदा कोणी मोडला नव्हता. घड्याळ कोठे टांगले आहे एवढाच प्रश्न होता.

ही खाणीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण ज्या आरोग्यव्यवस्थेविषयी मी बोलणार आहे तिचा पाया एका खाणकामगाराने घातला. अन्युरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे. तेराव्या वर्षी ते खाणीत उतरले, मग युनियनचे कार्यकर्ते झाले, पुढे पार्लमेंटात गेले आणि आरोग्यमंत्री असताना ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू केली. त्यांच्या गावात कामगारांनी पगारातून वर्गणी कापून देऊन चालवलेली वैद्यकीय मदत संस्था होती. तोच नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. उपचाराच्या वेळी रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च सर्वांच्या करातून करायचा, हे त्या व्यवस्थेचे सूत्र. आता जेथे पैशाने रांग लागत नाही तेथे ती वेळेने लागते. हे त्या व्यवस्थेचे दूषण आहे असे मी म्हणत नाही. पैशाची रांग डोळ्यांना दिसत नाही, कारण तीत मागे पडलेला माणूस घरी बसलेला असतो. वेळेची रांग दिसते, आणि म्हणून ती मोजता तरी येते.

गेल्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या देशांची तुलना प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा असे दिसले की कर्करोग झालेला माणूस पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ब्रिटनमध्ये शेजारच्या अनेक देशांपेक्षा कमी आहे. कारणे अनेक होती. उशीर हे त्यांतले एक मानले गेले. मग मुदती आल्या. १९९९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी आणि २००० च्या अखेरीपासून सर्वच कर्करोगांसाठी असा नियम झाला की घरगुती डॉक्टरने तातडीची चिठ्ठी दिली की दोन आठवड्यांच्या आत इस्पितळातल्या तज्ज्ञाने रोग्याला पाहिले पाहिजे. २००० च्या सप्टेंबरात सरकारने कर्करोग योजना जाहीर केली आणि आणखी दोन मुदती घातल्या, त्या २००५ च्या अखेरीस पूर्णपणे लागू व्हायच्या होत्या. उपचार करायचे ठरल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत ३१ दिवस. आणि तातडीची चिठ्ठी आल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत, मधल्या सगळ्या तपासण्या धरून, ६२ दिवस. या तिसऱ्या घड्याळाकडे आज आपण नीट पाहू, कारण रोग्याच्या दृष्टीने त्यातल्या त्यात पुरे घड्याळ तेच.

महिन्याच्या महिन्याला या मुदतींचे आकडे इस्पितळवार प्रसिद्ध होतात. कोणीही वाचावेत. माझ्या मुलीने मला ते तक्ते छापून दिले आणि मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. मला सर्वांत आधी काय जाणवले म्हणाल तर, हे सरकार स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतः छापते. आमच्या गिरणीत ओव्हरटाइमचे रजिस्टर पाहायला मागितले तर टाइमकीपर ते टेबलाच्या खणात ढकलत असे. त्या अनुभवातून आलेल्या माणसाला हे कौतुकाचे वाटणारच.

आता कौतुक बाजूला ठेवून घड्याळ उघडून पाहू.

६२ दिवसांतला पहिला दिवस कोणता? गाठ हाताला लागली तो नव्हे. डॉक्टरकडे प्रथम गेला आणि त्याने 'आठ दिवस औषध घेऊन पाहा' म्हटले तोही नव्हे. इंग्लंडात घड्याळ सुरू होते ते चिठ्ठी इस्पितळाला पोचते त्या दिवशी. त्याआधी रोगी तीन वेळा डॉक्टरकडे गेलेला असो, ते दिवस कोणाच्याच वहीत नाहीत. वेल्सने याबाबत थोडे वेगळे पाऊल टाकले. तेथे २०२१ पासून सर्व रोग्यांसाठी एकच मुदत आहे, तीही ६२ दिवसांचीच, परंतु ती मोजतात डॉक्टरला संशय आला त्या दिवसापासून. मग तो संशय घरगुती डॉक्टरला येवो, की दुसऱ्याच दुखण्यासाठी दाखल झालेल्या रोग्याचे चित्र पाहताना इस्पितळातल्या डॉक्टरला येवो. संख्या तीच, ६२. पण दोन देशांचे ६२ शेजारी ठेवून तुलना केली तर ती चुकीची होईल. घड्याळे निराळ्या भिंतींवर टांगली आहेत.

आणि शेवटचा दिवस? पहिला उपचार झाला तो. यातही बारकावे आहेत. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात पुष्कळदा लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित तपासण्या करीत लक्ष ठेवणे हेच योग्य असते. तसे ठरले की तोच पहिला उपचार धरतात आणि घड्याळ थांबते. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही आहे. पण शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या किरणोपचारासाठी माणूस पुन्हा रांगेत उभा राहिला, तर ती रांग या ६२ मध्ये येत नाही. तिच्यासाठी वेगळी ३१ दिवसांची मुदत लावावी लागली. ३१ दिवसांच्या घड्याळाची तर गंमतच आहे. ते सुरू होते रोगी आणि डॉक्टर यांनी उपचार ठरवले त्या दिवशी. म्हणजे ज्या बैठकीत हे ठरायचे ती बैठकच आठ दिवस पुढे गेली, तर रोगी आठ दिवस जास्त थांबतो, आणि ३१ चे घड्याळ मात्र अजून सुरूच झालेले नसते. म्हणूनच नुसत्या ३१ च्या आकड्यावर कोणी खूश होऊ नये. तो शंभरात नव्वदाच्या वर असतो आणि त्याच वेळी ६२ चा आकडा साठ-सत्तरावर असतो. मधले सगळे दिवस तपासण्यांत आणि बैठकांत मुरलेले असतात.

मध्येच घड्याळ थांबवण्याची मुभा कोणाला, हा याहून नाजूक प्रश्न. सुरुवातीच्या वर्षांत रोग्याला दुसरे दुखणे निघाले, त्याने तारीख पुढे ढकलून मागितली, तर ते दिवस वजा करता येत. आणि वजाबाकीनंतर शंभरातले ९५ रोगी ६२ दिवसांत बसले पाहिजेत असा दंडक होता. २००९ मध्ये नियम बदलले. वैद्यकीय कारणाने घड्याळ थांबवणे बंद झाले. रोग्याच्या इच्छेने दिवस वजा करण्याची मुभाही एक-दोन ठरावीक प्रसंगांपुरतीच उरली. आणि त्याच सुमारास ६२ दिवसांचा दंडक ९५ वरून ८५ वर आणला, ३१ दिवसांचा ९८ वरून ९६ वर.

हे वरवर वाचणाऱ्या माणसाला काय वाटेल? सरकारने पाय मागे घेतला, दहा टक्के सूट दिली. मलाही पहिल्या वाचनात तसा संशय आला, कारण मालकाने कोठलाही आकडा खाली आणला की आमचे कान उभे राहतात. पण नियमांचा मजकूर वाचल्यावर चित्र उलटे दिसते. आधीच्या ९५ मध्ये वजाबाकी दडलेली होती. नंतरच्या ८५ मध्ये रोग्याने प्रत्यक्ष घालवलेले जवळजवळ सगळे दिवस उघड्यावर आले. आकडा उतरला आणि मोजणी सुधारली. पगारपत्रकात 'इतर कपात' असा एक ढोबळ रकाना असतो. तो काढून टाकला की हातात पडणारी रक्कम कमी दिसत नाही, पण ती का कमी आहे हे मात्र दिसू लागते. म्हणून आकडा घसरला असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो, माणसे घसरली की मोजणी बदलली?

त्यानंतरची घसरण मात्र खरीच आहे. ६२ दिवसांत ८५ टक्के हा दंडक इंग्लंडने शेवटचा पाळला तो डिसेंबर २०१५ मध्ये. त्यानंतर एकाही महिन्यात देशाचा आकडा तेथे पोचलेला नाही, आणि नियम तर फारसे बदललेले नव्हते. चिठ्ठ्या वाढल्या, तपासणीची यंत्रे आणि ती वाचणारे तज्ज्ञ त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि मग २०२० ची साथ आली.

साथीनंतर जे झाले ते मोजणीच्या दृष्टीने फार शिकण्यासारखे आहे. ६२ दिवसांचा टक्का काढतात तो त्या महिन्यात ज्यांचा उपचार सुरू झाला त्यांच्यावरून. जे अजून थांबलेलेच आहेत ते त्या टक्क्यात येत नाहीत. एक कल्पित हिशेब घेऊ. एका इस्पितळाने महिन्यात ९० रोग्यांवर उपचार सुरू केले, त्यांतले ८० मुदतीत होते. झाले ८९ टक्के, दंडक पार. पण बाहेर ४० जुने रोगी तसेच ताटकळत आहेत. पुढच्या महिन्यात एक नवा शस्त्रवैद्य आला, त्याने रविवारीही काम केले. मुदतीतले ८० झालेच, शिवाय ते ४० जुनेही मार्गी लागले. १२० पैकी ८०. सदुसष्ट टक्केसुद्धा भरत नाहीत! ज्या महिन्यात त्या इस्पितळाने सर्वांत मोठे काम केले त्या महिन्यात त्याचे नाव यादीत तळाला. २०२२ मध्ये ६२ दिवस उलटूनही थांबलेल्यांची संख्या इंग्लंडात ३० हजारांच्या वर गेली होती, आणि तो साठा उपसायला सुरुवात झाली तेव्हा टक्का नेमका असाच कोसळला. कामगार न्यायालयात आम्ही हे रोज पाहतो. वीस वर्षे पडलेले जुने दावे एखाद्या न्यायाधीशाने निकालात काढले की 'निकालाला लागणारा सरासरी काळ' एकदम वाढलेला दिसतो. ज्याने दावे हातच लावले नाहीत त्याची सरासरी निर्मळ राहते.

म्हणून सुटलेल्यांचा आकडा आणि अडकलेल्यांचा आकडा असे दोन्ही हवेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आणखी एक दोष मुदतीच्याच पोटात आहे. ६१ वा दिवस आणि ६३ वा दिवस यांत रोग्याच्या दृष्टीने फरक काय? काहीच नाही. हिशेबाच्या दृष्टीने मात्र जमीनअस्मानाचा. ६२ ओलांडलेला माणूस एकदा 'मुदतभंग' या रकान्यात गेला की तो ६३ व्या दिवशी जातो की १४० व्या, याने टक्क्यात काहीही बदल होत नाही. उद्या ज्याचा ६२ वा दिवस आहे त्याला आधी घेतले तर टक्का वाचतो. तीन आठवड्यांपूर्वी मुदत उलटून गेलेल्याला घेतले तर वाचत नाही. असा कोणी हिशेब करतो असा आरोप मी सरसकट करीत नाही. पण नियमाचा कल कोणीकडे आहे हे पाहावे लागते, कारण वरून ताण आला की माणसे कलाच्या दिशेने घरंगळतात. इंग्रजांना हे उमगलेले आहे, आणि म्हणून त्यांनी १०४ दिवसांची दुसरी सीमा आखली: तेवढे थांबलेल्या प्रत्येक रोग्याची स्वतंत्र चौकशी करून उशिराने त्याचे नुकसान झाले का हे पाहायचे. हा टक्का नव्हे. येथे एकेका माणसाची गोष्ट उघडावी लागते.

ताणाची गोष्ट निघाली तर ती पुरी केली पाहिजे. २०१३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या आरोग्यसेवा तपासणी आयोगाने एसेक्समधल्या कोलचेस्टर येथील इस्पितळाचा अहवाल प्रसिद्ध केला. तपासनिसांनी ६१ रोग्यांची कागदपत्रे पाहिली. त्यांतल्या २२ रोग्यांना धोक्यात टाकले गेल्याचे त्यांवरून दिसले. नोंदीतल्या तारखा आणि प्रत्यक्षातल्या तारखा जुळत नव्हत्या, आणि मुदत पाळल्यासारखे दिसावे म्हणून आकडे बदलण्याचे दडपण आमच्यावर आले असे तेथील काही कर्मचाऱ्यांनी सांगितले. यात माझे लक्ष जाते ते नोंद ठेवणाऱ्या कारकुनाकडे. इस्पितळाची अब्रू ज्या आकड्यावर, तो आकडा लिहिणारा माणूस त्याच इस्पितळाच्या पगारावर. मस्टर मालकाच्या ताब्यात असले की काय होते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच हजेरीकार्डाची दुसरी प्रत कामगाराच्या खिशात असावी असा आमचा आग्रह असतो.

दोन आठवड्यांच्या मुदतीचे पुढे काय झाले तेही सांगतो. इंग्लंडने ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केली. कारण ती 'पाहिले' एवढेच मोजत होती. १३ व्या दिवशी तज्ज्ञाने पाहिले, आणि पुढच्या तपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली; मुदत पाळली गेली, माणूस तेथेच. तिच्या जागी आता २८ दिवसांची मुदत आहे: चिठ्ठीपासून २८ दिवसांत रोग्याला कर्करोग आहे की नाही, याचे उत्तर तोंडाने किंवा पत्राने मिळाले पाहिजे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. इंग्लंडात वर्षाला तीस लाखांच्या आसपास लोकांना अशी तातडीची चिठ्ठी मिळते, आणि त्यांतल्या शंभरातल्या सहा-सात जणांनाच कर्करोग निघतो. उरलेल्या त्र्याण्णवांचे काय? त्यांना रोग नव्हता, पण थांबणे होते. रात्री पंख्याकडे पाहत पडणे होते, मुलीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकलणे होते, कोणाला सांगावे आणि कोणाला नाही याचा घोर होता. त्यांच्यासाठी 'नाही' हा शब्द हाच उपचार. तो किती दिवसांनी मिळाला, हे पूर्वी देशभर कोणी मोजतच नव्हते.

उशिराने खरेच बिघडते का, असे आपल्यातले कोणी विचारील. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष छापला. शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका आधीच्या धोक्याच्या मानाने साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. शंभरातले आठ जण जास्त मरतात असा याचा अर्थ नव्हे. ज्याचा धोका शंभरात वीस होता त्याचा एकवीस-साडेएकवीस होतो असा आहे. एका माणसाच्या बाबतीत 'उशिराने गेला' असे छातीठोकपणे सांगता येत नाही. हजारांचा हिशेब केला की ते लपत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. आपल्याकडे देशपातळीवर अशी मुदत नाही, त्यामुळे ती मोडण्याचाही प्रश्न नाही. आमचा एक सहकारी, जॉबरचे काम करणारा, तोंडात पांढरा चट्टा आणि न भरणारी जखम घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेला. तंबाखू होतीच. डॉक्टरने पाहताक्षणी चिठ्ठी लिहिली, त्याबद्दल त्याला दोष नाही. वहिनींनी सगळे कागद साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत जपून ठेवले होते, त्यावरून मी दिवस लावले. मी कोठल्याही इस्पितळाचे नाव घेणार नाही. सहाव्या दिवशी तो पहिल्या इस्पितळात पोचला. ते डॉक्टर गुरुवारी बसतात म्हणून तेराव्या दिवशी तुकडा काढला. अहवाल परगावाहून येतो, तो एकतिसाव्या दिवशी हाती आला. अडतिसाव्या दिवशी शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला, तर तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या बरोबर आणल्या नव्हत्या. त्या आणायला आणि पुन्हा नंबर लागायला सत्तेचाळिसावा दिवस उजाडला. स्कॅनची तारीख सहासष्टाव्या दिवसाची. मग खर्चाच्या मंजुरीचे कागद. ते एकोणनव्वदाव्या दिवशी पुरे झाले. शस्त्रक्रिया एकशेनवव्या दिवशी. जबड्याचा एक भाग काढावा लागला. आज तो आहे, पातळ अन्नावर आहे, आणि बोललेले घरच्यांनाच समजते.

त्या पिशवीतला प्रत्येक कागद घेऊन मी हिंडलो. प्रत्येक खिडकीवरचा माणूस म्हणाला, आमच्याकडे उशीर झालाच नाही. आणि ते खरे होते! एकाकडे आठ दिवस, दुसऱ्याकडे नऊ, तिसऱ्याकडे सुटीचे दोन. कोणाकडेही एकशेनऊ दिवस नव्हते. ते फक्त त्याच्या एकट्याकडे होते, आणि त्याने ते मोजले नव्हते.

म्हणून आमच्या युनियनच्या कार्यालयात आम्ही एक वही घातली आहे. फार मोठे काही नाही, दोनशे पानी, आडव्या रेघांची. रकाने पाच: पहिली चिठ्ठी कोणत्या तारखेला, तज्ज्ञाने पाहिले ती तारीख, आहे की नाही हे कळले ती तारीख, पहिला उपचार, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवला आहे, मध्ये काय अडले ते लिहायला. युनियनचा सभासद असलाच पाहिजे अशी अट नाही. पहिली अडचण अशी आली की आपल्याकडच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर तारीखच नसते. तेव्हा गावातल्या डॉक्टरमंडळींना माझी आज हात जोडून एवढी विनंती आहे की चिठ्ठी लिहाल तेव्हा वर तारीख घाला, आणि संशय असेल तर 'तातडीचे' हा शब्द मराठीत लिहा, म्हणजे खिडकीवरच्या मुलालाही तो वाचता येईल.

दुसरी अडचण अजून सुटलेली नाही. काही माणसे मध्येच येईनाशी होतात. कोणी पैसे संपले म्हणून, कोणी जडीबुटीवाल्याकडे गेला म्हणून, कोणी सुगी आली म्हणून. इंग्लंडच्या नियमात पहिल्या भेटीला न आलेल्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणतात. आम्ही त्यावर कार्यकारिणीत तासभर वाद घातला. काही जणांचे म्हणणे पडले की जो आपणहून आला नाही त्याचे दिवस धरू नयेत, नाही तर आपलाच आकडा फुगेल. शेवटी असे ठरले की ती ओळ उघडीच ठेवायची, दिवस मोजत राहायचे, आणि महिना उलटला की दोघांनी त्याच्या घरी जायचे. सध्या अशा चार ओळी उघड्या आहेत. त्यांतल्या दोन घरी आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत. बरोबर यायला कोणी तयार असेल तर सभा संपल्यावर मला भेटावे.